बगळ्यांच्या बेटाची वाट

घोडे उथळ पाण्यातून चालू लागले की एक ठराविक आवाज होतो. आमच्या वस्तीत कुणाकडेच घोडा नव्हता. त्यामुळे तो आवाज कानावर पडला तशी मी हातातला वाम मासा फळीवर टाकला आणि सुरी परकरामागे धरून उभी राहिले.

सहा स्वार होते. पाच जणांच्या अंगावर लोकरीचे जाड झगे, कमरेला कुऱ्हाडी. ते डेन होते, समुद्रापलीकडून आलेले हल्लेखोर, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. सहावा मात्र आमच्यातला दिसत होता. त्याच्या खांद्यावरची पिन चांदीची होती आणि दाढी आमच्याकडच्या सरदारांसारखी कापलेली होती.

माझी मुलगी एल्वा दारातच बसली होती. सहा वर्षांची. मी तिच्याकडे धावण्याआधीच पुढचा स्वार घोड्यावरून उतरला, दोन ढांगांत तिच्यापाशी पोचला आणि तिला उचलून त्यानं कडेवर घेतलं. रागानं नाही, एखादा मामा घेतो तसं. झोळीतून भाकरीचा तुकडा काढून त्यानं तिच्या हातात दिला. एल्वानं माझ्याकडे पाहिलं आणि मग खायला सुरुवात केली. त्या हिवाळ्यात आम्ही भाकरी पाहिलीच नव्हती.

"घाबरू नकोस," चांदीच्या पिनेचा माणूस म्हणाला. "माझं नाव केनरिक. हा ऑर्म, ह्या टोळीचा नायक. त्याला मुलं आवडतात. घरात आणखी कोण आहे?"

"सासरे आहेत."

तोवर सासरे बाहेर आलेच होते. हातात अर्धवट विणलेला माशांचा सापळा, डोक्यावरची टोपी तशीच. डुन्ना म्हणत त्यांना सगळे. ह्या दलदलीत त्यांच्याइतक्या वाटा कुणालाच ठाऊक नव्हत्या, आणि गेल्या वर्षभरात घरात पुरुष म्हणून तेच उरले होते. माझा नवरा ऑस्रिक राजाच्या बोलावण्यावर एक्सेटरच्या वेढ्याला गेला होता. तिथं तो तलवारीनं मेला नाही, तापानं मेला. निरोप यायला दोन महिने लागले.

"म्हातारबा," केनरिक म्हणाला, "टेकडीवरून चार दिवस आम्हाला दलदलीच्या मधोमध धूर दिसत होता. तिथं कोण आहे?"

"वेत कापणारे असतील."

"मार्च महिन्यात? पाणी छातीपर्यंत असताना?"

सासऱ्यांनी सापळ्यातला एक वेत ओढून घट्ट केला.

मला ठाऊक होतं तिथं कोण आहे. बगळ्यांच्या बेटावर आमच्या वेसेक्स राज्याचा राजा होता, अल्फ्रेड. नाताळाच्या सणात डेन लोक अचानक त्याच्या छावणीवर चालून आले होते. अर्ध्या राज्यानं त्यांच्यापुढे मान तुकवली होती, काही समुद्रापार पळाले होते. राजा मूठभर माणसांनिशी आमच्या चिखलात येऊन लपला होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. दर दोन-तीन दिवसांनी मी बेटाच्या काठापर्यंत वामांची टोपली नेत असे. तिथं एक शिपाई ती घेई आणि मी परत फिरे. परवाच नेली होती.

ऑर्म त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. आवाज चढवला नव्हता. फक्त एल्वाला त्यानं आपल्या घोड्यावर बसवलं आणि लगाम दुसऱ्या एका माणसाच्या हाती दिला.

"तो म्हणतो, तुमच्यापैकी एकानं आम्हाला तिथं न्यायचं," केनरिकनं सांगितलं. "मुलगी आणि दुसरा इथं राहतील, ह्या दोघांबरोबर. आम्ही सूर्य मावळायच्या आत सुखरूप परत आलो तर मुलगी तुमची. नाही आलो, किंवा तिथं काही सापडलं नाही तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

मला वाटलं, सासरे पुढे होतील. राजाच्या माणसांना पहिल्या दिवशी बेटावर त्यांनीच पोचवलं होतं, आणि कुणाला सांगणार नाही असा क्रुसावर हात ठेवून शब्दही दिला होता. काहीतरी युक्ती ते नक्की करतील, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

सासरे म्हणाले, "माझ्या गुडघ्यांनी एवढी वाट होणार नाही. ही नेईल. हिला रस्ता माहीत आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बाबा?"

"नीट ने, पोरी," ते म्हणाले आणि पुन्हा दाराच्या उंबऱ्यावर बसून सापळा विणायला लागले. त्यांची बोटं अजिबात थरथरत नव्हती.

घोडे आमच्या बाजूच्या त्या वाटेनं जाऊ शकत नव्हते. पाण्याखाली ओंडके टाकलेले होते, जुन्या काळच्या लोकांनी टाकलेले. दोन पावलं इकडेतिकडे झाली की माणूस कमरेपर्यंत रुतायचा. मी पुढे, माझ्या मागे केनरिक, मग ऑर्म आणि त्याचे दोन लोक. पाणी इतकं गार होतं की थोड्या वेळानं पाय आपले आहेत असं वाटेना.

चालताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. 'नीट ने' म्हणजे काय? बेटाच्या अलीकडे, दुभंगलेल्या विलोच्या झाडापाशी वाट फुटत होती. उजवीकडे बेट. डावीकडे हिरवीगार, सपाट, दिसायला चालण्याजोगी जमीन. त्या जमिनीनं मी लहान असताना एक आख्खा बैल गिळला होता. मला वाटलं, सासऱ्यांच्या मनात तेच आहे. ह्या चौघांना डावीकडे न्यायचं. मी ओंडक्यांवर राहायचं आणि ह्यांना पुढे जाऊ द्यायचं. पण मग तिथं घोड्यावर बसलेली एल्वा? सूर्य मावळेल, कुणी परत येणार नाही, आणि ते दोघं काय करतील?

का सासऱ्यांनी तिचा हिशेब सोडूनच दिला होता? राजासाठी?

"तू त्याला पाहिलंस कधी?" मागून केनरिकनं विचारलं.

"कुणाला?"

"उगाच वेड पांघरू नकोस."

मी पुढचा ओंडका पायानं चाचपला. तो बोलत राहिला. भीतीनं बोलत होता की सवयीनं, कुणास ठाऊक. "मी पाहिलाय. तो बारा-तेरा वर्षांचा होता तेव्हा मी त्याच्या थोरल्या भावाबरोबर शिकारीला जायचो. पाच भाऊ. हा सगळ्यांत धाकटा. बापानं लहानपणीच रोमला नेऊन आणलेला, पण वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचायचं आणि हा ऐकून पाठ करायचा. पोटाच्या दुखण्यानं बेजार. लग्नाच्या जेवणात कोसळला, सगळ्या पाहुण्यांदेखत. तो राजा होईल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, बाई. त्याच्याही नसेल. मग भाऊ गेले. एक, दोन, तीन, चार. उरला हा."

"आणि तुम्ही त्याला सोडलंत."

"माझी जमीन डेनांच्या वाटेत येते," तो म्हणाला. "माझ्याही घरात मुलं आहेत."

दुभंगलेला विलो आला.

मी थांबले. पाणी मांड्यांपर्यंत होतं. डावीकडच्या हिरव्या गवतावर ऊन पडलं होतं आणि तिथं एक टिटवी चालत होती, कोरड्या जमिनीवर चालावी तशी.

"का थांबलीस?"

"वाट आठवतेय."

ऑर्म केनरिकला ओलांडून पुढे आला आणि त्यानं मागून माझी वेणी हातात घेतली. ओढली नाही, नुसती धरली.

मला राजा आठवला नाही. त्याला मी पाहिलाच नव्हता, आठवणार काय? मला ऑस्रिक आठवला, दारातून निघताना पुन:पुन्हा बुटाची दोरी बांधणारा. राजाचं बोलावणं आहे, असं तो मला तीनदा म्हणाला होता. मग एल्वा आठवली, तोंडाला भाकरीचे कण लागलेली. सासऱ्यांना राजा हवा असेल तर असो, मी मनात म्हटलं. मला माझी मुलगी हवी.

मी उजवीकडे वळले.

इतक्या वर्षांत मी स्वतःशी अनेकदा घोळवून पाहिलं आहे. मी गोंधळले होते, थंडीनं डोकं बधिर झालं होतं, ऑर्मच्या हातात माझी वेणी होती. त्यातलं काहीही कारण नव्हतं. मी पूर्ण शुद्धीत, विचार करून उजवीकडे वळले.

बेटाच्या काठाशी डेनांनी कुऱ्हाडी हातात घेतल्या. ऑर्मनं मला वेणीला धरून पुढे केलं. लव्हाळ्यांतून वर चढलो. समोर फांद्यांच्या पाच-सहा झोपड्या होत्या, मधे चुलीचे दगड, एका झाडाला टांगलेलं हरणाचं कातडं.

माणूस एकही नव्हता.

ऑर्मचे लोक झोपडीझोपडीत शिरले. बाहेर आले. एकानं चुलीत हात घातला आणि राख वर उचलून दाखवली. थंड होती.

ऑर्म माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर अजून राग नव्हता. तो फक्त पट्ट्यातला सुरा काढत होता.

आणि मी बोलायला लागले. काय काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, हीच तर शिक्षा आहे. "तो इथंच होता! परवा मी स्वतः वाम आणून दिले. ती तिथं माझी टोपली पडली आहे, बघा! वीस-पंचवीस माणसं होती. राजा इथंच होता, देवाशपथ, राजा इथंच होता! मी खरं सांगते आहे. तुम्हाला मी खऱ्या वाटेनं आणलं. माझ्या मुलीला काही करू नका, मी खऱ्या वाटेनं आणलं!" गुडघे कधी टेकले ते कळलं नाही. मी चिखलात बसून केनरिकचे पाय धरले होते.

केनरिक वाकला. त्यानं माझी हनुवटी वर केली आणि बराच वेळ माझं तोंड न्याहाळलं, एखादा बैल विकत घेण्याआधी पाहावा तसं. मग तो ऑर्मशी बोलला. ऑर्मनं काही विचारलं. केनरिक पुन्हा बोलला. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकानं बेटाच्या उत्तर टोकावरून हाक मारली. चिखलात घोड्यांचे खूर उमटले होते, ताजे, उत्तरेच्या डोंगराकडे जाणारे.

सुरा परत पट्ट्यात गेला.

परतीच्या वाटेवर मी केनरिकला विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

"मी सांगितलं, ही बाई खोटं बोलत नाही. दरबारात मी दहा वर्षं घालवली आहेत, खोटं बोलणारं तोंड मला कळतं." तो पुढच्या ओंडक्यावर आला. "आणि हेही सांगितलं की हिला जिवंत ठेव. राजा परत आला तर ही पुन्हा सांगेल. एकदा सांगणारा माणूस पुन्हा सांगतो."

मी मान खाली घालून चालत राहिले.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आता आपण दोघं एकाच गावचे."

सूर्य मावळायला अजून अवकाश होता. एल्वा घोड्याच्या मानेवर डोकं ठेवून झोपली होती. त्यांनी तिला उतरवलं, माझ्या हातात दिलं आणि तासाभरात ते उत्तरेला निघून गेले. पुन्हा ते आमच्या बाजूला आले नाहीत.

सासऱ्यांनी मला एक शब्द विचारला नाही. चुलीवर पाणी ठेवलं, माझे पाय त्यात बुडवून चोळले, आणि एल्वाला आपल्या अंथरुणात घेऊन झोपले. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. सकाळी मी सांगेन, असं ठरवलं. सकाळी सांगितलं नाही. मग रोजच सकाळ होत गेली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ईस्टरला राजानं आमच्या दलदलीतच, पश्चिमेकडच्या एका बेटावर गढी बांधली. त्यानंतर सात आठवड्यांनी तीन परगण्यांची माणसं त्याच्या निशाणाखाली गोळा झाली आणि डेनांचा असा पाडाव झाला की त्यांच्या राजानं आमचा धर्म घेतला. ज्या पोटदुख्या पोरावर कुणाचा भरवसा नव्हता, त्यानं गावोगाव तट उभारले, मोठेपणी स्वतः वाचायला शिकला आणि दुसऱ्यांना शिकायला लावलं. लोक त्याचं नाव देवळात घेऊ लागले.

आणि माझंही घेऊ लागले. कुणी सुरुवात केली कळलं नाही, पण शरद ऋतूपर्यंत सगळ्या वस्त्यांत गोष्ट पसरली होती. लिओबा नावाच्या एका विधवेनं डेनांना मुद्दाम रिकाम्या बेटावर नेलं, पोटची पोर त्यांच्या तावडीत असताना! राजाचा कारभारी एक दिवस घोड्यावरून आला. नदीकाठच्या कुरणाचा एक पट्टा आमच्या नावानं दिला आणि निळ्या लोकरीची एक शाल माझ्या हातावर ठेवली. सगळी वस्ती जमली होती. मी तोंड उघडलं, सांगणारच होते. सासरेच मधे बोलले, "आमची सून आहेच तशी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, बिचाऱ्या म्हाताऱ्याचाही ह्या गोष्टीवर विश्वास बसलाय. आता त्यांना खरं सांगून त्यांचा म्हातारपणीचा अभिमान कशाला मोडू?

ती शाल मी एकदाही पांघरली नाही. एल्वाच्या लग्नात तिला दिली.

अकरा वर्षं गेली. सासऱ्यांच्या छातीत पाणी झालं. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"लिओबा, त्या दिवसाचं बोलायचंय."

"बाबा, मलाही. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी त्या दिवशी..."

"तू उजवीकडे वळलीस," ते म्हणाले. "माहीत आहे मला."

मी त्यांच्या अंथरुणाच्या कडेला बसले.

"बेट रिकामं होतं हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी मी सापळे बघायला जातो म्हणून गेलो होतो ना? मीच राजाला आणि त्याच्या माणसांना होडीतून पश्चिमेला पोचवलं. टेकडीवर डेन दिसले होते, ते येणार हे उघड होतं. माग दिसावा म्हणून त्यांच्यातली दोन माणसं घोडी घेऊन मुद्दाम चिखलातून उत्तरेला गेली."

"मग आपण का नाही पळालो?"

"रिकामं घर दिसलं असतं तर ते महिनाभर दलदल पिंजत बसले असते. कुणीतरी त्यांना बेट दाखवायला हवं होतं. तिथं राजा होता आणि निसटला, हे त्यांना पटायला हवं होतं." त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. "मी नेलं असतं तर पटलं नसतं. माझ्या तोंडावर दिसलं असतं. तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. न सांगता पाठवायला हवं होतं."

"आणि मी डावीकडे गेले असते तर?"

"तर एल्वा गेली असती. मीही." ते छताकडे बघत होते. "पण तू जाणार नाहीस ह्याची मला खात्री होती. मी त्याच भरवशावर होतो."

मला आधी कळेचना की माझ्या अंगात काय पेटलं आहे. अकरा वर्षं मी मान खाली घालून जगले होते. देवळात सगळ्यांत मागे उभी राहिले होते. दर ईस्टरला माझं कौतुक ऐकलं की घरी येऊन ओकले होते.

"अकरा वर्षं!" मी म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला तशीच जळू दिलीत?"

"मला वाटलं, मला काही माहीत नाही असं तुला वाटतंय, तोवर तुला घरात तरी मान वर करता येईल. सांगितलं असतं तर तेही गेलं असतं."

"मग आज का सांगता?"

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. ऑस्रिकचा निरोप आला तेव्हाही ते रडले नव्हते.

"तुझ्यासाठी नाही सांगत. माझ्यासाठी सांगतोय. तू पोरीसाठी राजाला देऊन टाकलंस. त्याची मला कधीच चीड आली नाही. पण मी राजासाठी पोरीला डावावर लावलं, लिओबा. मुलाची एकुलती एक मुलगी. तो डेन घोड्यावर तिला बसवत होता आणि मी सापळा विणत होतो. बोटं थरथरली तर सगळं कळेल म्हणून मी वेतानं हाताची कातडी सोलली, पण विणत राहिलो. झोप लागेपर्यंत ती माझ्याकडे बघून हसत होती." ते थांबले. श्वास पुरत नव्हता. "माफ करशील?"

बाहेर कुणीतरी होडी काठाला लावली. एल्वा असावी. रोज त्या वेळी आजोबांसाठी ती दूध आणायची.

मी त्यांच्याकडे पाहिलं. वाळलेली मान, छातीवर ठेवलेले हात, वेत विणून कायमची वाकडी झालेली बोटं. त्यांच्यामुळे राजा वाचला होता, आणि राजामुळे आम्ही सगळे. हे मला समजत होतं. अगदी नीट समजत होतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी हळूच मान हलवली, जणू त्यांना हेच अपेक्षित होतं आणि दुसरं काही मी म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं. मग त्यांनी आपला हात अंथरुणावर उताणा ठेवला.

मी दार उघडून एल्वाला आत घेतलं. मग परत त्यांच्याजवळ बसले आणि तो हात हातात घेतला. संध्याकाळी तो गार पडला, तोवर मी तो सोडला नाही.